जोडीचा चाकू

माझा भाऊ रुपराव वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्याच्यावर तोंड टाकणार आहे, अन् मी तोंड टाकायला लागले की लोकांना वाटतं बाईचं भावाशी पटत नव्हतं. पटत होतं हो! तेविसाव्या वर्षी माझं कपाळ पांढरं झालं अन् मी माहेरी आले, तेव्हा गिट्टीखदानच्या दोन खोल्यांतली एक त्यानंच मला रिकामी करून दिली. सातवी पास होते म्हणून चार लोकांचे उंबरे झिजवून बालवाडीत चिकटवलं, तेही त्यानंच. माझी भाषा जरा शाळेची झाली आहे ती त्या बालवाडीमुळं. पण खरं ते खरं, अन् ते आता सांगायला कोणाची भीती नाही.

दादा संत्र्याच्या कलमा बांधायचा. काटोल रोडनं फेटरीच्या अलीकडे बापूजींची नर्सरी होती, तिथं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. संत्र्याची बी पेरून कोणी बाग करत नाही. जंबेरी नावाचं एक रानवट लिंबू असतं, त्याचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याला खुंट म्हणतात. त्या खुंटाच्या सालीला चाकूनं चीर द्यायची. चांगल्या संत्र्याच्या काडीवरून एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, सालीसकट उतरवायचा अन् त्या चिरेत सरकवायचा, यालाच डोळा भरणं म्हणतात. वरून केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीची, पट्टी आवळून बांधायची. वीस-बावीस दिवसांनी पट्टी सोडून पाहायचं. डोळा हिरवा असला तर धरला, काळा पडला तर मेला. हिवाळ्यात खुंटाची साल लाकडापासून सुटी होते तेवढेच दिवस हे काम. चाकू चालवतो तो पुरुष, मागून पट्टी बांधते ती बाई, अन् दिवस भरले की पट्टी सोडते तीही बाईच. आमच्या घरी चाकू दादाचा अन् पट्टी भागीरथावहिनीची.

एकसष्टच्या हिवाळ्यात ऐन हंगामात दादाचा चाकू मोडला. त्यानं दुसऱ्याचा मागून आणला अन् त्यावर सातशे डोळे भरले. पाचशे मेले. बापूजी तसे सभ्य माणूस, कधी आवाज चढवायचे नाहीत, पण सगळ्या मजुरांदेखत म्हणाले, "रुपराव, औंदा तुम्ही घरी बसा." माणसाला थोबाडीत मारलेली परवडते. दादा तो सगळा हंगाम ओसरीवर बसून होता, अन् येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगायचा, "हात चाकूले वळखते गा. परका चाकू हाताले चालत नाई."

अन् मग त्यानं काय केलं, तर इतवारीच्या बाजारात जाऊन एकसारखे दोन चाकू आणले. एकाच पेटीतले, घडीचे, शिंगाच्या मुठीचे, मागच्या बाजूला साल उचलायची पितळी जीभ. वजनाला सारखे, उघडतानाचा आवाजसुद्धा सारखा. डोळे मिटून हातात दिले तर कोणता कोणता ते सांगता यायचं नाही. एक त्यानं बंडीच्या खिशात टाकला. दुसरा तेलाच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, वहिनीच्या लग्नातल्या लुगड्याखाली. "एक मोडला का दुसरा काढाचा," म्हणे. "हाताले समजलंच नाई पाह्यजे."

आता यातली चूक तुमच्या ध्यानात आली का? बालवाडीतल्या पोराच्याही येईल. खिशातला चाकू रोज संध्याकाळी दगडावर चढायचा. धार लावली की पातं झिजतं. दहा-पंधरा वर्षांत ते रुंदीनं अर्धं राहतं, अन् पेटीतलं तसंच्या तसं नवंकोरं. जुळ्या भावांतला एक शेतात राबला अन् एक सावलीत झोपला, तर ते म्हातारपणी सारखे दिसतील का? मी दादाला एकदा म्हटलंही, दोन्ही आलटून-पालटून वापर, तरच जोड राहील. तर म्हणे, "इंदे, तू पोट्ट्याईले बडबडगीतं शिकव." बसा आता!

वहिनी बोलायला कमी. उंच, काळीसावळी, हाताची बोटं लांब. तिची दोन लेकरं गेली होती, एक आठव्या दिवशी, दुसरं सात महिन्यांचं होऊन. तिसऱ्यांदा दिवसच राहिले नाहीत. तिनं त्रेसष्ट साली नर्सरीत, ओळीत बसल्या बसल्या दादाला विचारलं, "दुसरा चाकू पडूनच हाय. मले शिकवता का? दोघं मिळून भरू, लवकर आटपन."

दादा काय बोलला ते मी तिथं ऐकलेलं नाही, पण ऐकलेल्या पाच बायांनी मला एकसारखंच सांगितलं. म्हणाला, "ज्या बाईचं लेकरू जगलं नाई, तिनं डोळ्याले चाकू लावू नये. डोळा मरते." कलमा बांधणाऱ्या त्या जुन्या लोकांत ही समजूत होती, दादानं काही ती पदरची काढली नव्हती. पण म्हणून भर ओळीत बोलून दाखवायची? तिची लेकरं ती काय शेजारणीची होती? याची नव्हती? वहिनीनं पुढच्या खुंटाला पट्टी बांधली, मग त्याच्या पुढच्या. त्या दिवसापासून तिनं माझ्या बहिणीच्या पोरांनाही कडेवर घेणं सोडलं. माझ्या जिवाला ते अजून लागून आहे.

सहासष्टच्या जानेवारीत बालवाडीला सुट्टी होती म्हणून मी डबा घेऊन नर्सरीत गेले. दादा दर आठवड्याला दोन दिवस काटोलकडे चांगल्या बागांमधून डोळ्याच्या काड्या आणायला जायचा, तसा तो गेला होता. विहिरीमागच्या ओळीत वहिनी उकिडवी बसली होती अन् तिच्या हातात चाकू होता. पेटीतला.

"इंदूबाई, बोंबलू नका," ती म्हणाली. "बसा."

मी डबा बाजूला ठेवून बसले. तिनं खुंटाला चीर दिली, काडीवरून डोळा उतरवला, सरकवला, पट्टी बांधली. इतक्या सफाईनं की माझं तोंड उघडंच राहिलं. कुठं शिकली म्हणून विचारलं, तर म्हणे, "सात वर्सं त्याईच्या मांगं बसून काय भजन करून राहिली होती का?"

मग तिनं मला सगळं दाखवलं. मेलेल्या खुंटावर पुन्हा डोळा भरायचा रिवाज आहेच, त्याला फेरडोळा म्हणतात, पण तो चाकूवाल्यानं भरायचा असतो. पट्टी सोडायचं काम वहिनीचं, म्हणून मेले किती अन् जगले किती हे सगळ्यांत आधी तिलाच कळायचं. दादाचे शंभरातले तीस-पस्तीस मरायचे. परक्या चाकूमुळं नव्हे, त्याच्या स्वतःच्या चाकूनं, दर साली. हात जड होता त्याचा, चीर खोल जायची. एकसष्टला फार मेले म्हणून बोभाटा झाला इतकंच. वहिनी त्याला त्यातले दहा-बारा दाखवायची अन् बाकीचे तो काटोलकडे गेला की स्वतः भरायची. आधीच्या डोळ्याच्या दोन बोटं खाली, त्याच बाजूला. वाकून पाहणाऱ्याला दिसलं असतं. पण पट्टी सोडलेल्या खुंटापाशी दादा कधी वाकायचाच नाही, ते बाईचं काम.

"त्याईले समजलं का पहिल्यासारखेच मरून राहिले, तं खचतीन," ती म्हणाली. "अन् बापूजीले समजलं तं मंग कायमचेच घरी बसवतीन."

"अन् तुझे? तुझे जगतात का वं?"

तिनं वर पाहिलं. "तीन हंगाम झाले. शंभरात पाच मरत नाईत. माह्या हातचे जगतात, इंदूबाई." हे म्हणताना ती हसली, अन् हसता हसता तिचे डोळे भरून आले. "एक डाव त्याईच्या तोंडून आइकाचं हाय मले. का भागीरथाच्या हातचं जगते. बस. मंग चाकू हिसकून घेतला तरी चालन."

"मग सांग ना आजच!"

"सांगीन. वेळ येऊ द्या."

ती वेळ काही येईना. उलट झालं असं, की दादाचं नाव झालं. 'रुपरावचा डोळा मरत नाही' असं कळमेश्वरपासून काटोलपर्यंत लोक बोलायला लागले. बागाईतदार बैलगाड्या घेऊन यायचे अन् रुपरावच्या हातच्याच कलमा पाहिजेत म्हणून अडून बसायचे. बाहत्तर साली बापूजींनी त्याला शाल-नारळ दिला. दादानं उभं राहून हात जोडले अन् म्हणाला, "चाकू आपला वळखीचा पाह्यजे, बाकी काई नाई." वहिनी मागं पट्ट्यांची जुडी घेऊन उभी होती. मला असं झालं की तिथल्या तिथं तोंड सोडावं. तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की चार दिवस काळा होता. जाऊ द्या, म्हणे, आज त्याईचा दिवस हाय.

रोज संध्याकाळी दादा ओसरीवर खिशातल्या चाकूला धार लावायचा, अन् तो गावात विडी-काडी आणायला गेला की त्याच दगडावर वहिनी पेटीतल्या चाकूला लावायची. ज्या दिवशी वापरला नसेल त्या दिवशीसुद्धा. मी विचारलं, काहून गं उगाच? तर म्हणे, "उद्या त्याईचा मोडला तं हा त्याईच्या हाताले नवा वाटाले नको." माझा सख्खा भाऊ, अन् एवढं त्याचं मला कधी सुचलं नाही.

एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर तिला कावीळ झाली. आधी मंतरलेलं पाणी, मग झाडपाला, अन् मग दवाखाना, तोवर उशीर झाला होता. दादा दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहायचा, आत आला की तिच्या पायांकडे पाहायचा. एका दुपारी तो चहा घ्यायला बाहेर गेला तेव्हा तिनं माझा हात धरला.

"इंदूबाई, त्याईले तुम्ही सांगजा. माह्याच्यानं आता होत नाई. औंदा फेरडोळे कोन भरन?"

मी म्हटलं, "बरी हो अन् तूच सांग. मी काहून तुझ्या नवऱ्याच्या शिव्या खाऊ?" थट्टेनं म्हटलं. तिला धीर यावा म्हणून म्हटलं. तिनं हात सोडला अन् भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. दादा तेव्हा तिच्या उशाशीच होता, तिला शुद्ध होती, त्यानं मी सांगितलेलं ऐकून तिला एक शब्द म्हटला असता तर तो तिला ऐकू गेला असता. मी सांगितलंच नव्हतं. हे मी दादा सोडला तर कोणाला आजवर बोलले नाही, आता बोलते.

तेरावं झालं अन् दादा कामावर गेला. पट्टी बांधायला बापूजींनी दुसरी बाई दिली. जानेवारीत तिनं पहिल्या ओळींच्या पट्ट्या सोडल्या अन् हाक मारली, "रुपरावभाऊ, जरा इकडे या." तिला बिचारीला काय माहीत लपवायचं! शंभरातले अडतीस काळे. दादा ओळीभर चालत गेला, परत आला, पुन्हा गेला. घरी येऊन हात पसरून माझ्यापुढं बसला.

"माहा हात गेला, इंदे. तिच्यासंगं माहा हात गेला."

मला सगळं माहीत होतं, अन् मी भाकरी थापत राहिले. नुकती बायको गेलेल्या माणसाला कसं सांगायचं, की बाबा, तुझा हात आधीपासून हा एवढाच होता? तो जेवेना. रात्रंदिवस बोटं उघड-मीट करायचा. त्याचं सगळं जगणं त्या एका नावावर होतं, अन् ही गोष्ट बापूजींच्या कानावर जायच्या आतच ते नाव त्याच्या स्वतःच्या लेखी गेलं होतं.

आठेक दिवसांनी खिशातला चाकू मोडला. पातं इतकं झिजलं होतं की खुंटातच राहिलं. तो दुपारीच घरी आला. मी दारात तांदूळ निवडत होते. त्याच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी जरा उजेड दिसला. म्हणाला, "चाकूच म्हातारा झाला होता, इंदे. म्हणून मरून राहिले होते. दुसरा काढतो." अन् पेटी उघडली.

लुगडं बाजूला केलं. फडकं सोडलं. चाकू उघडला.

त्यानं खुंटातून उपसून आणलेलं मोडकं पातं खिशातून काढून त्या पात्याला लावलं. रुंदीला केसाचाही फरक नव्हता. मूठसुद्धा बोटांच्या जागी तशीच गुळगुळीत झालेली. अठरा वर्षं पेटीत पडलेला चाकू, अन् ही त्याची गत.

"माह्या पेटीले कोनं हात लावला?" तो ओरडला. "इंदे! कोनाले देत होती तू हा चाकू?"

मग माझा तोल गेला. मी तांदळाचं सूप तिथंच आपटलं अन् जे चौदा वर्षं गिळलं होतं ते सगळं ओकले. विहिरीमागची ओळ सांगितली, दोन बोटं खालचा डोळा सांगितला, शाल-नारळाच्या दिवशीचा चिमटा सांगितला. म्हटलं, रुपरावचा डोळा मरत नाही म्हणे! रुपरावचे मरत होते, अन् जिला तू वांझोट्या हाताची ठरवलं ती ते एकेक करून जगवत होती, तुझ्याच चाकूनं, तुझ्या पाठीमागं, तुझं नाव राहावं म्हणून. अन् तुला कधी एकदा वाकून पाहावंसं वाटलं नाही!

तो ऐकत राहिला. मला वाटलं आता हात उगारतो. तो खाली बसला.

"मले काहून नाई सांगतलं तिनं?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असता?"

दादा खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यानं खरंच विचार केला. चाकूकडे पाहत म्हणाला, "मी नाईच म्हटलं असतं. तिच्या हातून काढून घेतला असता."

मग मी दवाखान्यातलंही सांगितलं. त्यावर तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तो बापूजींकडे गेला अन् सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. बापूजी त्याला म्हणाले, "रुपराव, हे आता कोणाजवळ बोलू नका. नाव झालं ते झालं." दादानं काम सोडलं. तो चाकू त्यानं पुन्हा पेटीत ठेवला नाही, खिशात ठेवायचा, पण त्यानं कधी काडी कापलेली मी पाहिली नाही.

फाल्गुनात एक दिवस म्हणाला, चाल. कळमेश्वरच्या पुढं धोंडबा नावाच्या शेतकऱ्याची बाग होती. बाहत्तर-त्र्याहत्तरला त्यानं चारशे कलमा नेल्या होत्या. आम्ही एसटीनं गेलो. झाडं फळांवर होती, नुसती पिवळी. धोंडबा पाटात उभा राहून पाणी फिरवत होता, त्यानं फावडं टाकून नमस्कार केला.

"रुपरावभाऊ, पाहा! चारशेतलं एक झाड गेलं नाई. तुमचा हातच तसा."

दादा पहिल्या झाडाखाली गेला अन् गुडघे टेकून वाकला. बुडाशी, जिथं डोळा अन् खुंट जुळतात, तिथं जरा फुगवटा असतो. त्यावरून त्यानं अंगठा फिरवला. मग दुसऱ्या झाडाशी गेला, मग तिसऱ्या. सगळी ओळ तो असा रांगत गेला. दुसऱ्याच्या चाकूची चीर मी शंभर पावलांवरून ओळखतो असं आयुष्यभर सांगणारा माणूस. पण सात वर्षांची झाडं ती, सांधे भरून आलेले, साल एकजीव झालेली. सगळी एकसारखी.

"काय पाहून राहिले गा?" धोंडबानं विचारलं.

"माहे कोनते अन् तिचे कोनते ते पाहून राहिलो," दादा म्हणाला. "समजत नाई."

"कोनाचे?"

"माह्या बायकोचे. भागीरथाचे." त्यानं झाडाला हात लावूनच मान वर केली. "तिच्या हातचं जगते."

धोंडबाला त्यातलं काय कळणार? "असं का? बाया बी डोळे भरतात? बरं, बरं," तो म्हणाला, अन् त्याची पाण्याची पाळी होती म्हणून फावडं उचलून पाटाकडे गेला.

दादा परत वाकला अन् पुढच्या झाडाचं बूड चाचपू लागला. अजून तीन ओळी बाकी होत्या. तो मोठमोठ्यानं रडत होता, अन् मी बांधावर उभी होते.